स्टेटस वाघाचा, तयारी शून्य : चळवळीतल्या तरुणांशी थोडे कडू बोलणे



काही महिन्यांपूर्वी रात्री साडेअकराला एका कार्यकर्त्याचा फोन आला. वय बावीस-तेवीस. गावात जयंतीच्या मिरवणुकीवरून झालेल्या मारहाणीच्या केसमध्ये तो साक्षीदार. दुसऱ्या दिवशी जिल्हा न्यायालयात त्याची साक्ष होती. आवाज थरथरत होता. म्हणाला, "दादा, संध्याकाळपासून चार मोटारसायकली वस्तीच्या तोंडाशी उभ्या आहेत. सकाळी कसं निघू?" मी विचारले, उद्या साक्ष आहे हे त्यांना कुणी सांगितले? थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मीच स्टेटस ठेवला होता. उद्या सकाळी सातच्या गाडीने कोर्टात, कुणात दम असेल तर अडवा."

तारीख, वेळ, गाडी सगळे याने स्वतःच सांगून टाकले होते. विरोधकांना हेरगिरी करायची गरजच उरली नव्हती.

तो पोरगा भित्रा नव्हता. ज्या गावात मोठमोठे साक्षीदार फुटतात, तिथे तो उभा राहिला. त्याच्या हिमतीला सलाम. पण हिंमत आणि तयारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्याला कुणी शिकवले नव्हते. आम्ही त्याला घोषणा शिकवल्या. निळा फेटा बांधला, डीजेसमोर नाचवले, "भीमाचा वाघ" म्हणून फोटोखाली शंभर कमेंट टाकल्या. रात्री वस्तीच्या तोंडाशी मोटारसायकली उभ्या राहिल्या तेव्हा त्या शंभरातला एकही हाकेच्या अंतरावर नव्हता.

आज या विषयावर दोन प्रकारचे सल्ले ऐकायला मिळतात आणि दोन्ही चुकीचे आहेत.

पहिला सल्ला आपल्यातल्याच सुखवस्तू मंडळींचा. "कशाला नादी लागायचं? नोकरी बघ, आडनाव बदल, घरात फोटो लाव पण बाहेर बोलू नको." हे सुरक्षिततेचे धोरण नव्हे, ही शरणागती आहे. दुसरा सल्ला मंचावरच्या गर्जनावीरांचा. "घरात घुसून मारू, एकाला दहा." हे बोलणाऱ्यांपैकी अनेकांच्या मागे पोलीस संरक्षण असते. ते भाषण करतात, गाडीत बसतात आणि निघून जातात. गुन्हा दाखल होतो तो समोर टाळ्या वाजवणाऱ्या पोरावर. त्याचा पासपोर्ट अडतो, पोलीस भरतीत चारित्र्य पडताळणी अडते, आई तारखांना हेलपाटे घालते. आपल्या किती वस्त्यांत अशी पोरे आहेत, मोजून पाहा.

मला तिसरी गोष्ट मांडायची आहे. गाजावाजा कमी, तयारी जास्त. आणि ही भित्र्यांची वाट नाही, ही बाबासाहेबांच्या कामाची पद्धत आहे. पुरावा देतो.

सन 1929. बाबासाहेब खानदेशात होते. एका गावातल्या अस्पृश्यांवरील बहिष्काराची चौकशी करून ते चाळीसगावला आले. लोकांनी आग्रह केला, आज रात्री इथेच थांबा. स्टेशनपासून महारवाडा काही अंतरावर. एकही टांगेवाला महाराला टांग्यात बसवून न्यायला तयार नव्हता. मग तोड निघाली. टांगा भाड्याने घ्यायचा, हाकणारा मात्र आपलाच. त्या बिचाऱ्याने आयुष्यात कधी टांगा हाकला नव्हता. नदीवरच्या मोरीवर चाक दगडात अडकले, बाबासाहेब बाहेर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर लिखाणात त्यांनी हा प्रसंग स्वतः लिहून ठेवला आहे. लोकांची भावना काय होती? आपल्या नेत्याने पायी चालत येणे शोभत नाही. म्हणजे मान राखण्यासाठी जीव धोक्यात घातला गेला, हे बाबासाहेबांनीच नोंदवले आहे. त्यात लोकांविषयी राग नाही. पण आपल्यासाठी धडा आहे. प्रेमापोटी केलेला दिखावासुद्धा पाय मोडू शकतो. चाळीसगावच्या त्या माणसांकडे निदान दुसरा इलाज नव्हता. आपल्याकडे आहे, आणि तरी आपण रोज नवशिक्याच्या हातात लगाम देतो.

आता महाड. 20 मार्च 1927 ला चवदार तळ्याचे पाणी प्यायल्यानंतर गावात अफवा उठवली गेली, की हे आता वीरेश्वराच्या देवळात घुसणार. परिषदेचा मंडप, परतणारे प्रतिनिधी, बायामाणसे यांच्यावर हल्ले झाले. आपल्या बाजूला लष्करात नोकरी केलेली, बंदूक हाताळलेली माणसे होती. बाबासाहेबांच्या एका शब्दाची ते वाट पाहत होते. तो शब्द त्यांनी दिला नाही. लोकांना शांत ठेवले, जखमींची व्यवस्था लावली, गुन्हे नोंदवायला लावले. पुढे हल्लेखोरांपैकी पाच जणांना चार महिन्यांची सक्तमजुरी झाली. त्या दिवशी हाणामारी झाली असती तर इतिहासात "महाडची दंगल" एवढीच नोंद राहिली असती, आणि तुरुंगात आपली माणसे गेली असती.

आणि डिसेंबर 1927? मनुस्मृती दहनाची परिषद भरवायला महाडमध्ये कुणी सवर्ण जागा देईना. फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाची जागा मिळवली. गावातले व्यापारी माल देणार नाहीत हे गृहीत धरून धान्य बाहेरून आणले. धरमतरवरून जाणारे मोटारवाले ऐनवेळी दगा देतील म्हणून तो रस्ताच टाळला. बाबासाहेब आणि सहकारी मुंबईहून पद्मावती बोटीने निघाले, दासगावला उतरले आणि तिथून महाडपर्यंत चालत गेले. चाळीसगावचा प्रसंग त्यानंतर दोन वर्षांनी घडला, म्हणजे पायी चालण्यात कमीपणा आहे असे बाबासाहेबांना स्वतःला कधीच वाटत नव्हते. कोर्टाचा मनाई हुकूम आला तेव्हा पाणी पिण्याचा सत्याग्रह तहकूब केला, तळ्याभोवती शिस्तीत मिरवणूक काढली आणि दावा लढवला. 17 मार्च 1937 ला मुंबई उच्च न्यायालयात तो जिंकला. दहा वर्षे लागली.

जागा, धान्य, पाणी, मार्ग, स्वयंसेवक, कोर्ट. याला म्हणतात तयारी. आज आपण महाडला जातो, सेल्फी काढतो आणि दासगावचा रस्ता विसरतो.

आता एक आक्षेप येणार, तो मीच आधी मांडतो. "म्हणजे आम्ही दबून राहायचं? निळा झेंडा गुंडाळून ठेवायचा? रिंगटोन बंद करायची?"

नाही. शिर्डीत 2015 साली बाबासाहेबांच्या गाण्याच्या रिंगटोनवरून वाद झाला आणि एका तरुणाचा जीव घेतला गेला. त्यानंतर "रिंगटोन कशाला ठेवायची" असे शहाणपण शिकवणारे काही लोक भेटले. त्यांना माझे उत्तर एकच. दोष रिंगटोनचा नाही, तो आवाज सहन न होणाऱ्या कानांचा आहे. अत्याचाराची जबाबदारी अत्याचार करणाऱ्यावरच. खर्ड्याच्या, सोनईच्या पोरांनी काय भाषणे ठोकली होती? जातीयवाद्याला कारण लागत नाही, निमित्त लागते. म्हणूनच "गप्प राहा म्हणजे वाचाल" हा सल्ला खोटा आहे. गप्प बसलेलेही मारले गेलेत.

म्हणून फरक नीट समजून घ्या. ओळख लपवायची नाही, माहिती लपवायची. तुम्ही आंबेडकरवादी आहात हे साऱ्या गावाला कळू द्या. पण उद्या कोर्टात कोण जाणार, कुठल्या रस्त्याने, मूळ कागद कुणाच्या घरी, कुठल्या साक्षीदाराची मुलगी कुठल्या कॉलेजात, हे गावाला कळायचे काय कारण? दोनशे लोकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलेली गोष्ट गुप्त नसते. त्यात सरपंचाचा माणूस असतो, पोलीस पाटलाचा भाचा असतो, आणि आपलाच एखादा पाचशे रुपयांना विकला गेलेला असतो. कामाची माहिती ज्याला लागते त्यालाच द्या. कार्यक्रमाचे फोटो घरी पोहोचल्यावर टाका. लोकेशन बंद ठेवा. विरोधकाला फेसबुकवर आव्हान देऊ नका. तो स्क्रीनशॉट उद्या त्याच्या वकिलाच्या फाईलमध्ये असतो, आणि "फिर्यादीच भांडखोर आहे" हे सिद्ध करायला तुमचाच शब्द वापरला जातो.

आता खैरलांजी आठवा. 29 सप्टेंबर 2006. आपण मेणबत्त्या लावतो, पण त्या दिवसाचा क्रम किती जणांना माहीत आहे? त्या कुटुंबातल्या मायलेकी आधीच्या एका मारहाणीच्या केसमध्ये साक्षीदार होत्या. त्यातले आरोपी त्या दिवशी जामिनावर सुटले आणि त्याच संध्याकाळी जमाव त्यांच्या झोपडीवर चालून गेला. जामीन झाला आहे, आरोपी गावाकडे निघाले आहेत, हे त्या कुटुंबाला सांगून सुरक्षित जागी हलवण्याची जबाबदारी कुणीच घेतली नाही. म्हणून लक्षात ठेवा, फिर्यादी आणि साक्षीदारासाठी सगळ्यात धोक्याचे दिवस तीन. एफआयआर नोंदवल्याचा दिवस, जामिनाचा दिवस आणि साक्षीचा दिवस. या तीन दिवशी ते कुटुंब एकटे असता कामा नये.

यासाठी कायद्यात आज हत्यार आहे. अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात 2015 ची दुरुस्ती 26 जानेवारी 2016 पासून लागू झाली आणि कलम 15अ आले. पीडित, त्यावर अवलंबून असलेले, साक्षीदार यांना धमकी आणि हिंसेपासून संरक्षण देणे हे राज्याचे कर्तव्य ठरले. जामीन अर्जासह कोर्टातल्या प्रत्येक कामकाजाची वेळेवर सूचना मिळण्याचा हक्क पीडिताला मिळाला. साक्षीला येण्याजाण्याचा खर्च, गरज पडल्यास दुसरीकडे पुनर्वसन, हेही त्यात आहे. हे मागितल्याशिवाय मिळत नाही. किती फिर्यादींनी लेखी अर्ज दिला आहे? बहुतेक ठिकाणी फिर्यादीला आरोपी सुटल्याचे कळते ते आरोपी समोरून मिशीला ताव देत गेल्यावर.

आणि खर्डा. 28 एप्रिल 2014 ला एका शाळकरी पोराला दिवसाढवळ्या मारले. सारा महाराष्ट्र हादरला, मोर्चे निघाले. नोव्हेंबर 2017 मध्ये सगळे आरोपी निर्दोष सुटले, कारण साक्षीदार एकामागून एक फितूर झाले. मोर्च्यात हजारो होते, साक्षीदारांच्या पाठीशी तीन वर्षे रोज उभे राहणारे किती होते? साक्षीदार पैशानेच फुटतो असे नाही. तो ज्याच्या शेतावर कामाला जातो, ज्याच्या पिठाच्या गिरणीत दळण नेतो, ज्याच्या दुकानात उधारी असते, ते दरवाजे एकेक करून बंद होतात. सामाजिक किंवा आर्थिक बहिष्कार टाकणे आणि त्याची धमकी देणे हा याच कायद्याखाली गुन्हा आहे. पण गुन्हा नोंद होईपर्यंत चूल कशी पेटणार? डीजेला आपण एका रात्रीत पन्नास हजार वर्गणी काढतो. साक्षीदाराच्या घरात तीन महिन्यांचे धान्य भरायला वर्गणी काढलेली मी फार थोड्या गावांत पाहिली. हा हिशेब ज्याला टोचेल त्याला टोचू द्या.

मग प्रत्येक वस्तीत काय असावे? फार काही नाही.

पाच माणसांचे एक पथक. त्यात किमान दोन बाया, कारण वस्तीत काय शिजते आहे ते बायांना आधी कळते. ग्रुपचे नाव नको, बॅनर नको, अध्यक्षपद नको. आपल्याकडे पाच जणांत तीन अध्यक्ष होतात आणि तिथेच काम संपते. यांच्याकडे काही नंबर तोंडपाठ असावेत. 112, अत्याचारविरोधी राष्ट्रीय हेल्पलाइन 14566, एक वकील, एक डॉक्टर, शेजारच्या गावातले दोन विश्वासू लोक. फोन हिसकावला गेला तर पाठ असलेलाच नंबर कामाला येतो.

एक फाईल. त्यात प्रत्येक धमकीची तारीख, वेळ, जागा, शब्द, ऐकणारे कोण याची वही. जातीवाचक शिवीगाळीच्या गुन्ह्यात ती लोकांच्या नजरेसमोर घडली का हा प्रश्न कोर्टात येतो. 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हितेश वर्मा प्रकरणात चार भिंतींच्या आत, बाहेरचे कुणी हजर नसताना झालेल्या शिवीगाळीला हे कलम लागत नाही असे म्हटले. म्हणून साक्षीदार कोण हे त्याच दिवशी लिहून ठेवा. मिरवणुकीआधी, जामिनाच्या तारखेआधी, धमकी आल्याबरोबर पोलीस ठाण्याला अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्या. तोंडी सांगितलेले हवेत जाते. उद्या काही घडले तर "आम्हाला कल्पना नव्हती" हे म्हणायला त्या शिक्क्यामुळे जागा राहत नाही. कर्तव्यात जाणीवपूर्वक कसूर करणाऱ्या लोकसेवकाला कलम 4 खाली शिक्षा आहे, पण कसूर सिद्ध करायला कागद लागतो.

ठाण्यात फिर्याद घेत नसतील तर तिथे गोंधळ घालू नका. तुमच्या ओरडण्याचा उपयोग करून सरकारी कामात अडथळ्याचा गुन्हा तुमच्यावरच टाकला जातो. शांतपणे बाहेर या, तोच मजकूर लेखी पोलीस अधीक्षकांना पाठवा. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये तशी तरतूद आहे. घटना कुठल्याही हद्दीतली असली तरी कोणत्याही ठाण्यात झिरो एफआयआर देता येतो आणि त्याची प्रत फुकट मिळते. "आधी चौकशी करू" असे अ‍ॅट्रॉसिटीच्या बाबतीत ऐकवले तर कलम 18अ दाखवा. 2 एप्रिल 2018 च्या भारत बंदनंतर संसदेने ते आणले. त्या बंदमध्ये आपल्या माणसांचे जीव गेले आहेत. ते कलम पाठ नसेल तर त्या रक्ताची किंमत आपल्याला कळली नाही असे मी म्हणेन.

व्हिडिओ काढला असेल तर मूळ फोन जपा. फॉरवर्ड होत होत आलेली क्लिप कोर्टात टिकवणे अवघड. नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्र लागते. व्हायरल करण्याची घाई करू नका. आधी दोन ठिकाणी प्रत ठेवा, वकिलाला दाखवा.

आता हत्याराचा प्रश्न. काही पोरे सीटखाली चाकू-कोयता ठेवतात आणि त्याला स्वसंरक्षण म्हणतात. मी स्पष्ट सांगतो, हा मूर्खपणा आहे. अंगावर आलेल्याला रोखण्याचा हक्क न्याय संहितेच्या कलम 34 ते 44 मध्ये आहे, पण तो धोका टळेपर्यंतच आणि गरजेपुरताच. पळणाऱ्याच्या मागे धावलात की तो हक्क संपला. गाडीत सापडलेला कोयता तुम्हाला वाचवत नाही, फिर्यादीचा आरोपी करतो. विरोधकाला नेमके हेच हवे असते, कारण मग क्रॉस केस टाकून तडजोड करायला बसवता येते. शरीर तंदुरुस्त ठेवा, धावायला शिका, पोरींना कराटे शिकवा, रात्री दोघे मिळून जा, घरी सांगून जा. धोका दिसला की मागे फिरा. त्या वेळी मागे फिरणे म्हणजे हरणे नव्हे, उद्याची तारीख गाठणे आहे.

दुसरा धोका खाकीकडून असतो. 10 डिसेंबर 2024 ला परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशी आंदोलन चिघळले, वस्त्यांत धरपकड झाली आणि कायद्याचे शिक्षण घेणारा आपला एक तरुण 15 डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत गेला. म्हणून आंदोलनाला जाताना प्रत्येकाला माहीत असावे, अटकेचे कारण सांगणे आणि नातेवाइकाला कळवणे पोलिसांवर बंधनकारक आहे, वकील भेटू शकतो, वैद्यकीय तपासणी होते आणि 24 तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभे करावे लागते. मारहाण झाली असेल तर ती मॅजिस्ट्रेटला तिथेच, मोठ्याने, जखम दाखवून सांगा. आणि मोर्च्याला गेलेल्यांची यादी घरी एका माणसाकडे असावी. रात्री कोण परतला नाही हे सकाळी नव्हे, रात्रीच कळले पाहिजे.

शेवटचा आक्षेप. "संरक्षण देणं सरकारचं काम आहे, आम्ही का करायचं?" बरोबर आहे. ते सरकारचेच काम आहे आणि ते मागणे आपण एक दिवसही सोडायचे नाही. 1995 च्या नियमांत अत्याचारप्रवण भाग शोधा, तिथे बंदोबस्त ठेवा, परवाना असलेल्यांची शस्त्रे काढून घ्या, असे सगळे लिहिलेले आहे. पण सरकार येईपर्यंतची ती एक रात्र आपल्यालाच काढायची असते. खैरलांजीत ती एक संध्याकाळ निघाली नाही.

त्या पोराचे काय झाले ते सांगतो. त्याला स्टेटस काढायला लावले नाही, उलट तसाच ठेवायला सांगितला. 112 ला फोन केला, तालुक्यातल्या वकिलाने ठाण्याला कळवले. शेजारच्या गावातले चौघे पहाटे साडेतीनला मागच्या शेतातून त्याला घेऊन निघाले. सातच्या गाडीची वाट पाहणारे वाट पाहत बसले, तेव्हा तो जिल्ह्याच्या गावी कोर्टासमोरच्या टपरीवर चहा पीत होता. अकराला साक्ष झाली. उलटतपासणीत एक शब्द फिरवला नाही. संध्याकाळी मला फोन करून म्हणाला, "दादा, आजचा फोटो टाकू का?"

मी म्हणालो, निकाल लागल्यावर टाक.

जयभीम! जय संविधान!